नंबर टेकर

एकतीस वर्षं भुसावळच्या यार्डात
वॅगनींचे नंबर उतरवले मी.
अकरा अकरा आकडे, रात्रपाळीत, बॅटरी बगलेत धरून;
केळीची कुठली, कोळशाची कुठली,
कुठलीचा ब्रेक चिकटलाय.
रिटायर झालो, तरी डोळा ऐकेना.
समोरून जाईल त्याला आकडा लावायचा.
म्हणून रेल्वे मैदानाच्या पायरीवर बसून
हॉकी मोजू लागलो.

सगळे गोल मोजतात. मी मोजायचो
चेंडू किती वेळा आपल्या डीमध्ये शिरला
आणि तेव्हा मैदानावर कोण कोण होतं.
गोलात डिमेलोचे पॅड मिसळलेले असतात,
नशीब असतं, अंपायरचा मोतीबिंदू असतो.
शिरलं म्हणजे शिरलं.

फुलबॅक सुभान तडवी. यावलकडचा पोरगा,
दिवसाला बोलणार सात-आठ शब्द.
टॅकल सगळ्यांत कमी, म्हणून आळशी ठरलेला.
पेपरात नाव एकदाच आलं,
तेही 'सुभाष'.

माझ्या वहीत मात्र
तो खेळताना तासाला अकरा वेळा शिरकाव,
तो बाकावर असताना एकोणीस.

आधी स्वतःवरच संशय घेतला.
पाच वॅगनी पाहून
अख्खी मालगाडी ओळखतो का कोणी?
तीन हिवाळे थांबलो. शहात्तर सामने.
कोच त्याला सोप्या संघांपुढे बसवून ठेवतो,
दांडग्यांपुढे उतरवतो,
तेही वजा-अधिक करून पाहिलं.
आठाचा फरक दहा झाला.

मग एक सामना चेंडूकडे पाहिलंच नाही.
फक्त त्याच्या बुटांकडे.
समोरच्यानं पाससाठी स्टिक वळवायच्या आत
हा दोन पावलं डावीकडे सरकलेला असायचा,
आणि पास दुसरीकडेच जायचा.
धाव नाही, धडक नाही, टाळी तर नाहीच.
एकाला जे करायचं होतं
ते त्याला करावंसं वाटलं नाही.
याला रकाना कुठला आखू?

एकदा सोड्याची बाटली घेऊन तोच आला.
"काय भो, काय लिहून राह्यले रोज?"
"जे झालं नाही ते."
हसला. "मंग वही कोरीच असंल."

मला वाटलं, पोराचं भलं करावं.
सुवाच्य अक्षरात तक्ता काढला,
दुरेघी लाल शाईनं,
आणि सेक्रेटरी भंगाळेसाहेबांच्या टेबलावर ठेवला.
त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचला.
"एवढ्या भावाचा आहे हा?"
कागदाची घडी खिशात गेली.

दहाव्या दिवशी अदलाबदल:
सुभान वरणगावच्या फॅक्टरीला,
तिकडून चौदा गोलांचा केवल फिरके
आणि वरती गोलकीपरचे नवे पॅड.
तक्ता माझाच दाखवला म्हणे, दुरेघीसकट.

एवढी वर्षं यार्डात काढून
मला कसं कळलं नाही?
नंबर पडला की डबा
कुठल्याही गाडीला जोडता येतो.

या हिवाळ्यात आम्ही पाच-चारनं जिंकतो,
सहा-पाचनं हरतो. लोक नाचतात दोन्ही वेळा.
केवलच्या गळ्यात हार, पायरीवर शेंगांची टरफलं.
शिरकाव तासाला वीस.
ते कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

परवा वरणगाव आलं.
केवल चेंडू घेऊन उजवीकडून सुटला,
मधे आमचा दुसरा पोरगा एकदम मोकळा,
आणि सुभान, तेच ते,
दोन पावलं.
केवल थबकला. मागे वळला. चेंडू परत मध्यावर.
माझ्या शेजारचा ओरडला, "भित्रा साला!"
मी पेन्सिल ओली करून एक रेघ मारली.
आमच्याच नुकसानीची, पण मारताना
बोटं यार्डातल्यासारखी खूश.

मध्यंतरात त्यानं पायरीकडे पाहिलं,
हवेत लिहिल्याची खूण केली.
मी वही उघडून उंच धरली.
एवढ्या लांबून
त्याला ती कोरीच दिसली असणार.